चार वर्षांच्या मुलीसाठी यमकांची गमतीदार चित्रपुस्तके: वाचताना जीभ का अडखळते?

मनीषनगरची आई (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मुलीला गेल्या महिन्यात चार वर्षे पूर्ण झाली. रात्री झोपण्यापूर्वी तिला एक तरी पुस्तक वाचून दाखवायचे, असा आमच्या घरचा नेम आहे. दिवाळीच्या सुमारास नागपुरात बर्डीवरच्या एका पुस्तक प्रदर्शनातून मी यमकांची सहा चित्रपुस्तके आणली. मुखपृष्ठे देखणी होती, कागद चांगला होता आणि प्रत्येकाच्या मलपृष्ठावर ‘मुले खदखदून हसतील’ अशा अर्थाचे काहीतरी छापलेले होते. प्रत्यक्षात सहापैकी एकाच पुस्तकाला ती हसते, आणि तेही मजकुराला नव्हे, तर एका चित्रात हत्तीच्या पाठीमागून डोकावणाऱ्या मांजराला. त्या मांजराचा मजकुरात कोठेही उल्लेख नाही.

माझी अडचण अशी की उरलेली पाच पुस्तके वाचताना माझीच जीभ अडखळते. ओळीच्या शेवटी यमक असते, पण तिथे पोहोचेपर्यंत दम लागतो. एक ओळ आखूड, दुसरी लांबलचक, आणि मध्येच एखादा ‘अत्यंत’ किंवा ‘म्हणूनच’ असा शब्द येतो की चाल तुटते. तिसऱ्या पानावर मुलगी उठून निघून जाते. याउलट माझ्या सासूबाई, ज्या मूळच्या वर्धेकडच्या आहेत, हातात पुस्तक न घेता काहीतरी जुळवून म्हणतात आणि ती पोट धरून हसते. सासूबाईंच्या त्या ओळींना धड अर्थही नसतो.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारावेसे वाटते की दुकानात उभे राहून, दोन मिनिटांत, यमकांचे चांगले पुस्तक कसे ओळखावे? मूळ मराठीत लिहिलेली पुस्तके घ्यावीत की अनुवादही चालतील? आणि वाचताना मी माझ्या मनाने शब्द बदलले तर पुढे तिच्या वाचनावर काही वाईट परिणाम होईल का? पुस्तकांची नावे सुचवली तर उत्तमच, परंतु निवड कशी करावी हे कळले तर अधिक उपयोग होईल, कारण पुढच्या वर्षी ती पाच वर्षांची होईल आणि तेव्हा पुन्हा हाच प्रश्न विचारण्याची वेळ माझ्यावर यायला नको.

महालचे निवृत्त गुरुजी

ताई, तुमची जीभ अडखळते हा तुमचा दोष नाही, तो त्या ओळींचा दोष आहे. मी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. यमक जुळले म्हणजे कविता झाली, या समजुतीने जेवढे नुकसान बालकवितेचे झाले आहे तेवढे दुसऱ्या कशानेही झाले नसावे, असे माझे मत आहे.

प्रथम लयीचे पाहू, कारण मुलाच्या कानाला आधी लय कळते आणि यमक नंतर. मराठीत ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराची दोन, हे आपण सर्वांनी शाळेत शिकून विसरलेले असते. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचना’ या छंदशास्त्रावरच्या ग्रंथात आठ मात्रांच्या आवर्तनाला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गटाला, पद्मावर्तन आणि सहा मात्रांच्या आवर्तनाला भृंगावर्तन अशी नावे आहेत. आपली बहुतेक बडबडगीते आठांच्या आवर्तनात बसतात, म्हणूनच त्यांच्यावर टाळ्या सहज पडतात. मी विद्यार्थ्यांना शिकवताना स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी देत असे, त्या इथे देतो:

जिराफ म्हणतो, दुखतो घसा,
मफलर विणता थकला ससा.

दोन्ही ओळींचा पहिला भाग आठ मात्रांचा आणि दुसरा सात मात्रांचा आहे. उरलेली एक मात्रा शेवटच्या विश्रांतीत जाते, तेथे वाचणारा श्वास घेतो आणि ऐकणारा हसतो. आता हाच मजकूर पुष्कळशा पुस्तकांत कसा आढळतो ते पाहा: ‘जिराफ म्हणाला की माझा खूप दुखतो आहे घसा, म्हणून मफलर विणून विणून दमून गेला ससा.’ यमक तेच, ससाही तोच, परंतु ‘की’, ‘खूप’, ‘आहे’ आणि ‘म्हणून’ यांनी ओळीचे पोते करून टाकले आहे. दुकानात एवढेच करावे की पुस्तकाच्या मधल्या पानावरच्या चार ओळी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहाव्यात आणि मांडीवर बोटाने ठेका धरावा. पहिले पान पाहू नये, कारण पहिल्या पानावर प्रत्येक लेखकाने मेहनत घेतलेली असते. मधल्या पानावर दोनदा ठेका चुकला तर पुस्तक जागेवर ठेवून द्यावे. दुकानदार जरा विचित्र नजरेने पाहील, त्याला पाहू द्यावे.

आता यमकाकडे वळतो. मराठीत यमक जुळवणे फारच सोपे आहे, आणि हीच अडचण आहे. आपली क्रियापदे वाक्याच्या शेवटी येतात आणि त्यांचे शेवटचे अक्षर ‘ला’, ‘ली’, ‘तो’, ‘ते’ असे ठरलेले असते. त्यामुळे ‘कोल्हा आला, ससा पळाला, हत्ती पाणी पिऊन गेला’ अशा ओळी झोपेतही रचता येतात. मात्रा मोजल्या तर दोन्ही ओळी बरोबर सोळा मात्रांच्या भरतील, तरीही त्यांत गंमत नाही, कारण शेवटी काय येणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि जे येते ते केवळ प्रत्ययाचे साम्य असते. हसू तेव्हा येते जेव्हा कान एका शब्दाची वाट पाहत असतो आणि त्याच आवाजाचा भलताच शब्द समोर येऊन उभा राहतो. ‘घसा’ ऐकल्यावर कानाला ‘कसा’, ‘असा’, ‘जसा’ अपेक्षित असतात आणि प्रत्यक्षात विणकाम करणारा ससा येतो. नामाला नाम जुळले, किंवा क्रियापदाला एखादे सर्वनाम अथवा विशेषण जुळले, की बहुधा गंमत साधते. तान्ह्या पोळ्यासाठी मी एकदा नातवाला लिहून दिलेल्या ओळी पाहा. त्याच्या लाकडी बैलाचे एक चाक मिरवणुकीच्या दिवशी सकाळीच निखळले होते:

बैल लाकडी रुसून बसला,
चाकांवाचुन डौलच कसला?

येथे ‘वाचून’मधला ‘चू’ ऱ्हस्व करून घेतला आहे. कवितेत तेवढी मुभा असते, परंतु एका पुस्तकात अशी मुभा पानोपानी घेतलेली दिसली तर लेखक घाईत होता असे खुशाल समजावे.

आणखी एक सांगण्यासारखे आहे. ‘झाडावरती’ आणि ‘घरावरती’ हे यमक नव्हे, ती एकाच शब्दाची पुनरुक्ती आहे. गझलेत तिला रदीफ म्हणतात, आणि रदीफ तेव्हाच शोभतो जेव्हा त्याच्या आधी काफिया, म्हणजे खरे यमक, असतो. ज्या शहरात सुरेश भटांच्या नावाचे सभागृह आहे, तेथील मुलांच्या पुस्तकांत तरी काफियाशिवायचा रदीफ दिसू नये, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

हुडकेश्वरची बालवाडीताई

गुरुजींचे लयीविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, परंतु माझ्या वर्गातल्या चोवीस मुलांना मात्रा मोजता येत नाहीत आणि तरीही कोणते पुस्तक चांगले आहे हे ती मला पहिल्या दोन पानांत सांगतात. चांगल्या पुस्तकाच्या वेळी ती पुढे सरकत सरकत थेट माझ्या मांडीपर्यंत येतात. वाईट पुस्तकाच्या वेळी कोणाला तरी पाणी प्यायचे असते.

मनीषनगरच्या ताईंनी जे मांजर सांगितले ते मला या सगळ्या चर्चेत सर्वात महत्त्वाचे वाटते. यमकांचा कवितासंग्रह आणि यमकांचे चित्रपुस्तक या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, पण आपल्याकडे दुकानात त्या एकाच फळीवर ठेवलेल्या असतात. विंदा करंदीकरांचा ‘राणीची बाग’ 1961 साली आला आणि त्यानंतर त्यांनी मुलांसाठी पुष्कळ लिहिले. मराठीत मुलांच्या विनोदी कवितेची श्रीमंती कमी नाही, परंतु ती मुख्यतः संग्रहांत आहे. एका पानावर एक कविता आणि कोपऱ्यात एक चित्र, असे तिचे रूप असते. संग्रह मोठ्याने म्हणण्यासाठी उत्तम असतो. चित्रपुस्तकात मात्र एकच गोष्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाते आणि अर्धी गोष्ट चित्र सांगते. ‘ससा थकला’ असे लिहिले आहे आणि चित्रातही थकलेला ससाच आहे, तर चित्रकाराने नवीन काय केले? परंतु ओळ म्हणते की ससा थकला, आणि चित्रात त्याने विणलेला मफलर दारातून बाहेर पडून, रस्ता ओलांडून, विजेच्या खांबाला दोन वेढे घालून थेट कामठीला पोहोचलेला दिसतो, तर मूल ते पान उलटूच देणार नाही. मजकुराला ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला दिसली याचा मुलांना फार अभिमान वाटतो. तुमच्या मुलीला ते मांजर सापडले आहे आणि लेखकाला सापडलेले नाही, म्हणून ती हसते.

पान उलटण्याची जागाही अवश्य पाहावी. यमकाचा पहिला शब्द उजव्या पानाच्या तळाशी आणि दुसरा शब्द पान उलटल्यावर, अशी मांडणी असेल तर वाचणाऱ्याच्या हातात फार मोठे साधन येते. मी ‘मफलर विणता थकला…’ येथे थांबते आणि पानाचा कोपरा नुसता चिमटीत धरून ठेवते. वर्गातून उंदीर, माकड, मामा, मोदी रिक्षावाला अशी वाटेल ती नावे येतात. ससा ओळखणारे मूल उभे राहून नाचते. हे थांबणे साधे दिसत असले तरी मुलांच्या कानांचा त्यात चांगला अभ्यास होतो, कारण शेवटचा आवाज लक्षात ठेवून त्याच आवाजाचा शब्द स्वतःच्या डोक्यातून शोधून काढायचा असतो. ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे 400 मुलांवर केलेला अभ्यास 1983 साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना यमकात न बसणारा शब्द वेगळा काढता येत होता ती पुढे वाचनात आणि शब्दलेखनात पुढे गेली, असे त्यांना आढळले. तो अभ्यास इंग्रजी मुलांचा आहे आणि आपली लिपी अक्षरांची आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा आपल्याला लागू करू नये. तरीसुद्धा आवाजांशी खेळलेले मूल अक्षरांना घाबरत नाही, एवढे मी माझ्या वर्गाच्या अनुभवावरून सांगू शकते.

शब्द बदलण्याविषयी तुम्ही विचारले आहे. तुमची मुलगी अजून स्वतः वाचत नाही, तोपर्यंत निःसंकोच बदला. फक्त एकदा बदललेला शब्द दुसऱ्या रात्री तसाच ठेवा, कारण मुलांना पुस्तक तोंडपाठ होते आणि कालचा शब्द आज नसेल तर ती तुम्हाला खोटारडे ठरवतात. ती स्वतः वाचू लागेल तेव्हा मात्र निराळी पुस्तके लागतील. आईने वाचायच्या पुस्तकात ‘धप्पकन’, ‘गुटर्रगूं’, ‘फुस्सकन’ असली जोडाक्षरे जेवढी जास्त तेवढी मजा असते. मुलाने स्वतः वाचायच्या पुस्तकात तीच जोडाक्षरे वाटेत दगडासारखी पडलेली असतात.

धरमपेठचा बाबा

अनुवादाच्या प्रश्नाचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करतो, कारण माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे आणि आमच्याकडे दोन्ही भाषांची पुस्तके आहेत.

यमकांच्या पुस्तकाचा अनुवाद करताना आपण शब्दांचा अनुवाद करत नसतो, हे प्रथम मान्य करावे लागते. इंग्रजीतले ‘द ग्रफेलो’ हे 1999 साली आलेले पुस्तक जगभर गाजले. ज्युलिया डोनाल्डसन यांनी त्याची कल्पना एका चिनी लोककथेवरून घेतली. त्या कथेत वाघ होता, पण वाघासाठीच्या इंग्रजी शब्दाला यमके जुळेनात, म्हणून त्यांनी एक नवाच प्राणी आणि त्याचे नवेच नाव तयार केले. म्हणजे तो प्राणी जन्मालाच यमकाच्या अडचणीतून आला आहे. त्याचे दात, नखे आणि नाकावरचा फोड यांचा क्रमही यमकाने ठरवला असणार. असे पुस्तक मराठीत आणायचे तर अनुवादकाने तोच प्रवास मराठीतून पुन्हा करायला हवा, आणि कदाचित त्या प्राण्याचा फोड नाकावरून कानावर न्यायला हवा. मात्र चित्र आधीच छापलेले असते आणि चित्रात फोड नाकावरच असतो. अनुवादक या कात्रीत सापडतो, आणि मग ‘आहे’, ‘होता’, ‘म्हणून’ यांची भरती सुरू होते, जी गुरुजींनी नेमकी दाखवली आहे. म्हणून माझा सल्ला असा आहे की यमकांची पुस्तके मूळ भाषेतली घ्यावीत आणि गद्य चित्रपुस्तकांचे अनुवाद बिनधास्त घ्यावेत.

याला एक अपवाद मी स्वतः अनुभवला आहे. नागपूरच्या मुलांचा कान हिंदीला सरावलेला असतो. त्यामुळे भोपाळच्या एकलव्य संस्थेची हिंदी पुस्तके आणि ‘चकमक’ हे त्यांचे मासिक आमच्या घरी मराठीइतकेच चालते. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची मराठी आणि हिंदी पुस्तके स्वस्त असतात आणि ती फाटली तरी फार वाईट वाटत नाही, ही गोष्ट चार वर्षांच्या मुलाच्या घरात दुय्यम नसते. प्रथम बुक्सने 2015 साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात आणि घरी छापूनही घेता येतात. तिथे यमकांची पुस्तके मात्र शोधत बसावी लागतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर पान उलटण्याची ती चिमूट काही जमत नाही.

बालवाडीताईंनी ऐकण्याची आणि वाचण्याची पुस्तके वेगळी असतात असे म्हटले आहे, त्यात भर म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या डॉ. स्यूस यांचे 1957 सालचे ‘द कॅट इन द हॅट’ हे मुलांनी स्वतः वाचावे म्हणून लिहिले गेले आणि त्यात फक्त 236 निरनिराळे शब्द आहेत. पुढे केवळ 50 शब्दांत पुस्तक लिहून दाखवण्याची पैज प्रकाशकाने लावली आणि 1960 साली त्यांनी तीही जिंकली. मराठीत जोडाक्षरविरहित पुस्तके निघतात, परंतु त्यांतली पुष्कळशी औषधासारखी असतात. थोड्या शब्दांत खरोखर हसवणारे मराठी पुस्तक लिहिणे हे अजून कोणीतरी अंगावर घेण्यासारखे काम आहे.

हसण्यासाठी सर्वात समृद्ध उदाहरण मात्र बंगालीत आहे. सुकुमार राय हे सत्यजित राय यांचे वडील. ते छपाईचे तंत्र इंग्लंडमध्ये शिकून आले होते आणि कविता व चित्रे दोन्ही स्वतः करत. त्यांचा ‘आबोल ताबोल’ हा संग्रह सप्टेंबर 1923 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही दिवसांनी प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी बदक आणि साळिंदर यांच्या बंगाली नावांची गाठ मारून एकच प्राणी केला आहे. म्हणजे एका नावाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ एकच आवाज असेल तर दोन प्राणी चिकटतात. हा खेळ मराठीत उत्तम खेळता येतो, कारण आपल्याकडे बदक संपतो तेथून कबूतर सुरू होते. आमच्या घरी बदकबूतर आहे. मगर आणि गरुड मिळून झालेला मगरुड आहे. परवा मुलाने कासव आणि वटवाघूळ जोडून कासवटवाघूळ तयार केले आणि त्याचे चित्र काढताना ते उलटे लटकल्यावर कवच खाली पडेल की नाही, या प्रश्नावर आमचे जेवण थंड झाले.

इतवारीकर

सर्वांचे वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते थोडक्यात मांडतो.

सासूबाईंच्या ओळींना मुलगी हसते, हे ताईंनी प्रश्नातच सांगून टाकले आहे, पण त्याकडे कोणीच वळले नाही. वर्धेकडच्या बाईंनी लहानपणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर फिरून भुलाबाईची गाणी म्हटलेली असणार. त्या गाण्यांत एक गोष्ट दुसरीला, दुसरी तिसरीला अशी अडकत जाते आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. चित्रपुस्तकात पान उलटून जे साधते तेच तेथे डब्याचे झाकण साधते. सासूबाईंचा कान त्या गाण्यांवर तयार झाला असल्यामुळे त्यांना मात्रा मोजाव्या लागत नाहीत.

दुसरे असे की आपली पुस्तके पुण्याच्या बोलीत हसतात. आमच्या पोट्ट्यांना ‘का बरे’ ऐकून हसू येत नाही, ‘काहून’ ऐकून येते, कारण ते आजीच्या तोंडचे असते. पुस्तकातला जिराफ ‘कायले’ म्हणाला तर प्रमाणभाषेचे काय बिघडेल? मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी नवे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात आणि त्यांच्यावर लिहिलेले टोमणे वाचायला गर्दी लोटते. ज्या गावाला चित्र आणि टोमणा यांची जोडी इतकी आवडते, त्या गावात मुलांसाठी काळ्या-पिवळ्या मारबतीचे एक हसरे यमकांचे पुस्तक मला आजवर मिळालेले नाही. ते कोणी काढले तर मी दहा प्रती घेईन.

गुरुजींना विनंती आहे की त्यांनी नातवासाठी लिहिलेला बैल वहीत ठेवू नये.

महालचे निवृत्त गुरुजी

इतवारीकरांचा आक्षेप मान्य आहे. मी मात्रांविषयी लिहिले ते पुस्तक विकत घेणाऱ्यासाठी लिहिले, गाणाऱ्यासाठी नव्हे. बोलीविषयीही त्यांचे बरोबर आहे. ‘काहून’मधला ‘हू’ ‘वाचून’मधल्या ‘चू’सारखा ऱ्हस्व करून घेतला तर तो चार मात्रांचा होतो आणि आठांच्या आवर्तनात नेमका अर्धा भाग भरतो, त्यामुळे वृत्ताच्या नावाखाली त्याला बाहेर ठेवता येणार नाही. बैलाचे पुढे लिहायचे म्हटले तर चित्रे कोणी काढायची हा प्रश्न आहे, कारण माझा बैल आणि माझा उंदीर यांत फक्त शिंगांचा फरक असतो.

मनीषनगरची आई

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले याबद्दल आभार. आठवड्याभरात जे घडले ते कळवते.

सहाही पुस्तकांच्या मधल्या पानांवर ठेका धरून पाहिला. चार पुस्तके नापास झाली. त्यांतल्या दोन पुस्तकांची चित्रे चांगली असल्यामुळे ती टाकून दिली नाहीत. मजकुरावर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि आता तेथे सासूबाई स्वतःच्या ओळी म्हणतात. पहिल्या रात्री म्हटलेली ओळ दुसऱ्या रात्री त्यांना आठवत नाही, त्यामुळे बालवाडीताईंनी सांगितल्याप्रमाणे भांडण झालेच. शेवटी मुलगी ओळी पाठ करते आणि आजी चुकली की तिला दुरुस्त करते, असा समेट झाला आहे.

पाचवे पुस्तक ठेक्यात बसले होते, तरीही ते मला अडखळत होते. त्यात दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘ला’ येत होता आणि मी कंटाळून वेग वाढवत होते, हे गुरुजींचे वाचल्यावर लक्षात आले. म्हणजे तो दोष माझ्या वाचनाचाही होता. सहावे मांजराचे, ते उशाशीच असते.

जिराफाच्या ओळी मी ‘थकला’पाशी थांबून म्हटल्या. मुलीने पहिल्यांदा ‘बाबा’ असे उत्तर दिले, जे यमकात बसत नसले तरी खरे होते. दुसऱ्यांदा ससा सापडला. त्यानंतर तीन दिवस घरात मफलर हा एकच विषय होता आणि सासूबाईंची जुनी लोकर माळ्यावरून खाली आली.

प्राणी चिकटवण्याचा खेळ मात्र सर्वात लांब चालला. बदकबूतर आणि मगरुड दोघेही अंडी घालतात, कारण बदक, कबूतर, मगर आणि गरुड असे चौघेही अंडीच घालतात, हे तिच्या बाबांनी समजावून सांगितले आणि ते तिला पटले. कासवटवाघूळ आल्यावर त्यांची पंचाईत झाली. कासव अंडी घालते आणि वटवाघळाला पिल्लू होते, तर मग कासवटवाघळीण काय करते, असे मुलीने विचारले. बाबा मोबाइल शोधू लागले. मी बाळंतपण, माहेर असे काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, तेवढ्यात सासूबाई लोकरीचा गुंडा न सोडता म्हणाल्या, “घर तर पाठीवरच हाय तिचं, थे कायले जाते माहेरी?”